माईकसमोर बसण्याआधी

अगं, आवाज गोड नाही म्हणून घाबरू नकोस. आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्राचा (गावच्या लोकांनी गावासाठीच चालवलेला रेडिओ) ट्रान्समीटर १०० वॅटच्या आतबाहेरचा, पोच दहा-पंधरा किलोमीटर. ऐकणारे सगळे बाजारात भेटणारेच. तिथं पुण्याची मराठी काढलीस तर पारावरची म्हातारीसुद्धा हसेल. "काय गं, कापूस येचून झाला का?" असंच बोल. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर ऐक, म्हणजे कळेल.

रेकॉर्डर घेऊन बांधावर जा, पण वाऱ्याकडे पाठ कर. माईकला फोमची टोपी घालच. माझी पहिली अख्खी मुलाखत नुसती घोंघावत होती. प्रश्न विचारलास की गप्प बस. बाया थांबून, पदर सारखा करून मग खरं बोलतात. ती शांतता संपादनात कापू नकोस. ओव्या मिळाल्या तर गाणारीचं नाव, गाव विचारून लगेच लिहून ठेव, नंतर राहतं.

आणि हो, स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी आपल्याला नाही, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. बाजारभाव, पाऊस, नळाचं पाणी कधी येणार, हे मात्र बिनधास्त सांग. त्यासाठीच तर लोक रेडिओ लावतात.

वेळ चुकवू नकोस. सातचा कार्यक्रम म्हणजे सातलाच, तेव्हा धारा निघत असतात.