भाकरी मोडायचं मशीन आणि बापाची काळजी

सोलापूरहून, अक्कलकोट रोडच्या एका पालकांचं पत्र : ‘मी चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग चालू ठेवणारा. मुलगा नववीत. भंगारातून काहीबाही यंत्रं करत बसतो. परवा कडक भाकरी मोडायचं मशीन केलं. गोटी घरंगळत येते, फूटपट्टी कलते, साबणाची डबी उलटते, दोरी सुटते आणि खलबत्त्यातला बत्ता भाकरीवर पडतो. चाळीस सेकंद लागतात, तुकडे घरभर. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून “उपयोग काय?” म्हणून परत पाठवलं. गणिताच्या चाचणीत चाळीसपैकी सतरा आहेत. शेजारी म्हणतात, पेटंट काढा. मला वाटतं, हे सगळं बंद करावं. यात काही करिअर आहे का?’

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग पुन्हा वाचलं. बुक्कीनं एका क्षणात होणाऱ्या कामाला चाळीस सेकंद लावायचे, हे सुचायलाही डोकं लागतं. घरभर झालेले तुकडे कोणी झाडले, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही!

पेटंटचा विषय दोन ओळींत संपवते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात, कशाला पेटंट मिळत नाही याची यादी आहे आणि तिची सुरुवातच फुटकळ, थिल्लर शोधांपासून होते. तेव्हा शेजाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

आता ‘उपयोग काय’ या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर तुम्ही रोज डोक्यावर घेऊन काम करता. मागाच्या वरचं जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, आणि पुठ्ठ्याच्या कार्डांवरची ती भोकं. भोक असेल तिथला हूक उचलायचा, नसेल तिथला नाही. त्यातून चादरीवर नक्षी उमटते. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्याच्या मागची गोष्ट मुलाला जरूर सांगा. जॅक व्होकान्सों नावाचा एक फ्रेंच माणूस होता, हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा. त्यानं बासरी वाजवणारा यांत्रिक माणूस केला, आणि १७३९ मध्ये पॅरिसला एक यांत्रिक बदक लोकांपुढे ठेवलं. ते पंख फडफडवायचं, दाणे टिपायचं आणि चक्क शिटायचं. (ती शीट आधीच आत भरून ठेवलेली असायची, हे पुढे उघडकीला आलं. थोडी लबाडी होतीच.) त्या बदकाचा कुणाला काय उपयोग? शून्य. पण पुढे सरकारनं याच माणसाला रेशीम कारखान्यांवर निरीक्षक नेमलं, आणि १७४५ च्या सुमारास त्यानं भोकं पाडलेल्या कागदावर आपोआप चालणारा माग बांधला. तो त्या वेळी चालला नाही, पडून राहिला. साठेक वर्षांनी जकार्ड नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसानं त्याच कल्पनेवर आपलं यंत्र उभं केलं, त्याचंच नाव तुमच्या मागावरच्या यंत्राला आहे. बदकामुळे माग झाला असं मी म्हणणार नाही. पण तरफा आणि दट्टे एकामागोमाग नेमक्या वेळी हलवायची सवय त्या माणसाच्या हाताला खेळण्यांवरच लागली होती.

तुमच्या मुलाच्या हातालाही तीच लागते आहे. बत्ता किती उंचीवरून सोडला तर भाकरी मोडेल पण परातीला पोचा येणार नाही, हे त्यानं चुकत चुकत ठरवलं असेल. विकायची वस्तू करताना तुम्हाला चूक परवडत नाही, मालक उभा असतो. इथे चूक झाली तर एक भाकरी जाते.

आणि गणित? ते याच यंत्रात आहे. टप्पे पाच. प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा बरोबर चालला, तरी अख्खं यंत्र दहापैकी जेमतेम सहा वेळाच चालतं. ०.९ ला ०.९ नं गुणत जायला सांगा, पाचव्या पायरीला ०.५९ येईल. एवढे धागे असलेला माग सारखा का थांबतो, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. त्याला ते आकड्यांत कळू द्या. तरीही सतरा मार्क हे सतराच. रोज तासभर गणित आधी, भंगार नंतर. ही अट घाला, पण भंगार फेकू नका.

दुसरी अट विजेची. सेलवर काय ते करू दे. कूलरची मोटर घरच्या प्लगला जोडायची असेल तर तुम्ही शेजारी उभे पाहिजेत, यात तडजोड नाही. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं मराठीतही आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. बाजारातले तयार प्रोजेक्ट किट मात्र आणू नका. चित्रात दाखवलंय तसं जोडायचं, त्यात त्यानं काय केलं?

करिअरचं म्हणाल तर आत्ता नववीत शिक्का मारायची घाई नको. दहावीनंतर सोलापुरातच शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा करता येईल. दुसरी वाट डिझाइनची. मुंबई आयआयटीत डिझाइनच्या पदवीला बारावी कुठल्याही शाखेची चालते, मात्र यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात चित्र काढायला लावतात. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या निवडीत तर समोर ठेवलेल्या साहित्यातून हातानं वस्तू करून दाखवायची असते. प्रवेश सोपा नाही, जागा थोड्या आहेत. पण तिथे असला मुलगा परका ठरणार नाही.

एका सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, मालकांना विचारून त्याला कारखान्यात न्या आणि जकार्डचे हूक जवळून बघू द्या. काही समजावू नका, प्रश्न त्यालाच विचारू द्या. आणि पुढच्या पत्रासोबत मशीनचा फोटो नको, त्याच्या हातचं चित्र पाठवा, पाचही टप्प्यांना नावं देऊन. तुकडे उडू नयेत म्हणून त्यानं काही झाकण बसवलं असेल, तर तेही त्यात दाखवायला सांगा.