गोळ्या सासूबाईंच्या, झोप कोणाची?

प्रश्न: सासूबाई पॅरालिसिसने 3 वर्षं अंथरुणात आहेत. दर महिन्याला त्यांच्या गोळ्या लिहून आणायला फॅमिली डॉक्टरकडे मीच जाते, पण ते माझं कधी विचारत नाहीत. माझी कंबर गेलीय, झोप नाही. सांगू कसं?

उत्तर: ताई, चूक आम्हा डॉक्टरांची. फाइल पेशंटच्या नावाची, मग समोर बसलेली बाई दिसतच नाही! पुढच्या वेळी स्वतःचा केसपेपर काढा आणि सरळ सांगा की रात्री तीनदा उठून कूस बदलते, डायपर बदलते, मदतीला कोणी नाही. मी आता केसपेपरच्या कोपऱ्यात 'घरी कोण बघतं' लिहितो, त्यांचंही बीपी बघतो. उचलताना कंबर कशी सांभाळायची ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, 24 तास चालू, मराठीत बोलता येतं.