काम सोपवणं आणि अधिकार देणं, यात नेमका फरक काय?

तुमचं मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, कामं वाटून दिली तरी दिवसभर फोन तुम्हालाच येतात, असं तुम्ही लिहिलंय. यात माणसांचा दोष नाही. तुम्ही काम दिलंय आणि निर्णय स्वतःकडे ठेवलाय.

एक मोटर घ्या. तीन एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बांधणीत) आली, तुम्ही मिस्त्रीला म्हणालात, "ही भरून ठेव, नवं वाइंडिंग कर." उघडल्यावर दिसलं की बेअरिंगही गेलंय आणि सील गळतंय. काय टाकायचं ते त्याला चांगलं कळतं. पण गिऱ्हाईकाला भाव सांगायची आणि काउंटरवरून माल उचलायची मुभा त्याला नाही. तुमचा फोन लागेपर्यंत मोटर उघडी पडते आणि तिकडे शेतातलं पाणी बंद. हे झालं नुसतं काम सोपवणं. अधिकार देणं म्हणजे असं सांगणं: "एका मोटरमागे १,५०० रुपयांपर्यंतचे सुटे भाग तू ठरव, गिऱ्हाईकाशी तूच बोल, तू सांगितलेला भाव मी बदलणार नाही."

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण मला इथे फार नेमकं वाटतं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखातं देईना. एप्रिल २०११ मध्ये परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हा कुठे गावाला आपला बांबू आपण विकता आला. तुमच्या दुकानातलं ते पुस्तक कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, ते आधी शोधा.

त्यासाठी आठवडाभर वही ठेवा. प्रत्येक फोन लिहा: कोणाचा, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. ज्या प्रश्नाला दहापैकी नऊ वेळा "हो, कर" असं उत्तर गेलं, तो निर्णय त्या माणसाकडे द्या. तोंडी नको, कागदावर लिहा: किती रुपयांपर्यंत, कशाला हात लावायचा नाही, आणि काय आधी विचारायचं, काय नंतर कळवलं तरी चालेल. वाइंडिंगवरचं वार्निश पूर्ण वाळल्याशिवाय आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय मोटर बाहेर जाणार नाही, अशा दोन-तीन अटी मात्र पक्क्या ठेवा.

मग त्या कागदाला हातपाय द्या. ५,००० रुपये त्याच्या ताब्यात, दर शनिवारी बिलं दाखवून पुन्हा पूर्ण. बेअरिंगवाल्याला सांगून ठेवा की याच्या सहीवर माल द्यायचा. खरेदीचे भाव त्याला दिसू द्या. ते लपवलेत तर तो अंदाजाने भाव सांगेल आणि नुकसान झालं की तुम्ही त्यालाच बोलाल. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही कळवा, नाहीतर ते "शेठला फोन द्या"च म्हणणार.

बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या चुकीला. त्याने गिऱ्हाईकाला ८०० सांगितले, तुम्ही समोरच "चला, ६०० द्या" म्हणालात, की त्या दिवसापासून तो परत तुम्हालाच विचारणार, आणि गिऱ्हाईक त्याच्याशी बोलणारच नाही. तो भाव चुकलाच असेल तर त्या दिवशी तसाच राहू द्या, संध्याकाळी शटर ओढल्यावर त्याच्याबरोबर हिशेब मांडा. दुसरी गोष्ट, मर्यादा गुपचूप कमी करू नका. १,५०० चे १,००० करायचे असतील तर कारण सांगून कागदावर बदला.

सगळंच असं देऊ नका. बँकेत भरणा, जीएसटीची कागदपत्रं सल्लागाराकडे पोचवणं, यात ठरवण्यासारखं काही नसतं. तिथे नुसतं सोपवणंच बरोबर. नव्या मुलालाही आधी सहा महिने कामच द्या. सुरुवात सगळ्यात जुन्या मिस्त्रीपासून करा, आणि दोन महिन्यांनी तीच वही पुन्हा आठवडाभर लिहा. फोन कमी झाले नसतील, तर कागदावर दिलेलं काहीतरी अजून तुमच्याच खिशात आहे.