थोरियमचा न्यूट्रॉन कॅप्चर क्रॉस सेक्शन पुन्हा पुन्हा का मोजतात? एकदा मोजून भागत नाही का?

तुमचा प्रश्न असा की थोरियम-२३२ चा कॅप्चर क्रॉस सेक्शन ७.४ बार्न असं पुस्तकात छापलेलंच आहे, मग लोक अजून तेच का मोजत बसलेत आणि मोजतात तरी कसं. पीएचडीला असताना मी थोरियमच्या फॉइल मोजायचंच काम केलंय, विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. कॅप्चर क्रॉस सेक्शन म्हणजे समोर आलेला न्यूट्रॉन अणूचा न्यूक्लियस गिळण्याची शक्यता किती याचं माप, आणि बार्न हे त्याचं एकक.

ते ७.४ बार्न फक्त थर्मल न्यूट्रॉनसाठी आहे, म्हणजे ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अगदी मंद न्यूट्रॉनसाठी. फिशनमधून, म्हणजे न्यूक्लियस फुटण्यातून, न्यूट्रॉन बाहेर पडतो तेव्हा त्याची एनर्जी एक-दोन एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) असते आणि धडका खात खात तो खाली येतो. एक एमईव्हीपाशी थोरियमचा आकडा जेमतेम एक दशांश बार्नच्या आसपास, आणि खाली २१.८ आणि २३.५ इव्हीला (इलेक्ट्रॉन व्होल्टला) दोन रेझोनन्स आहेत, म्हणजे ठराविक एनर्जीला कॅप्चर एकदम वाढतं अशा जागा, तिथे तोच आकडा शेकडो बार्नच्या वर उसळतो. म्हणजे मोजायचा आहे तो एक आकडा नाही, अख्खा आलेख आहे, आणि फास्ट रिअॅक्टरवाल्याला त्यातला वरचा, वेगवान न्यूट्रॉनचा भाग लागतो तर थर्मलवाल्याला खालचा, मंद न्यूट्रॉनचा.

बरं, दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं, असं वाटेल. इथेच खरी मेख आहे. थोरियम स्वतः पेटत नाही, त्याने न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ होतं, त्याचं साधारण २२ मिनिटांच्या हाफ लाइफने (निम्मं उरायला लागणारा वेळ) प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, आणि त्याचं २७ दिवसांच्या हाफ लाइफने युरेनियम-२३३ होतं जे खरं इंधन. आता यू-२३३ ने एक थर्मल न्यूट्रॉन शोषला की सरासरी २.२८ च्या आसपास नवे न्यूट्रॉन मिळतात. त्यातला एक साखळी चालू ठेवायला, एक थोरियमला द्यायला म्हणजे जळलेलं इंधन भरून निघेल. उरले ०.२८. गळती, स्टील, पाणी, फिशन प्रॉडक्ट, सगळ्यांचा खर्च त्या ०.२८ मधूनच भागवायचा. जमाखर्च इतका तंग असेल तर कॅप्चरचे दोन टक्के म्हणजे ब्रीडिंग (जळलं निदान तेवढं तरी नवं इंधन तयार होणं) होतंय की नाही हाच प्रश्न होऊन बसतो. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइट (थोरियम असलेलं खनिज) आहे, आपल्या रत्नागिरीच्या वाळूतही अगदी थोडं आहे, होमी भाभांपासून देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचा तिसरा टप्पा थोरियमचा असं ठरलेलं आहे, म्हणून या आकड्यांची आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

आता मोजतात कसं. आम्ही करायचो ती अॅक्टिव्हेशनची पद्धत, म्हणजे न्यूट्रॉन गिळून जे नवं रेडिओअॅक्टिव्ह मूलद्रव्य झालं ते मोजून मागे हिशोब लावायचा. कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात पेलेट्रॉन अॅक्सिलरेटर आहे, तिथे प्रोटॉनचा बीम लिथियमवर सोडला की न्यूट्रॉन निघतात, त्यांची कमाल एनर्जी ढोबळमानाने प्रोटॉनच्या एनर्जीतून १.८८ एमईव्ही वजा केली की येते. थोरियमची पातळ फॉइल अॅल्युमिनियममध्ये गुंडाळायची, सोबत सोन्याची किंवा इंडियमची फॉइल ठेवायची कारण न्यूट्रॉन किती येऊन गेले ते तिच्यावरून कळतं, आणि काही तास बीमसमोर ठेवायचं. मग कूलिंग. थोरियम-२३३ सगळं प्रोटॅक्टिनियममध्ये उतरेपर्यंत थांबायचं आणि जर्मेनियम डिटेक्टरवर प्रोटॅक्टिनियमच्या गॅमा किरणांचा ३१२ केईव्हीचा (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) पीक मोजायचा.

ऐकायला सोपं आहे पण थोरियम मुळातच रेडिओअॅक्टिव्ह, त्याची पिल्लावळ, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून झालेली मूलद्रव्यं, फॉइलमध्ये आधीच बसलेली असते. प्रोटॅक्टिनियमची ३०० केईव्हीला पण एक लाइन आहे, पण नेमकं तिथेच याच पिल्लावळीतल्या लेड-२१२ चीही लाइन येते, दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून ३१२ वरच भरवसा ठेवायचा आणि बीममध्ये न ठेवलेल्या फॉइलचा स्पेक्ट्रम शेजारी लावून बघायचा. आणखी एक त्रास म्हणजे प्रोटॉनची एनर्जी साधारण २.४ एमईव्हीच्या वर गेली की लिथियममधून न्यूट्रॉनचा दुसरा, कमी एनर्जीचा गट निघायला लागतो. तो संख्येने थोडा असतो पण कमी एनर्जीला कॅप्चर जास्त, त्यामुळे तो थोडासा गटही उत्तर फुगवून ठेवतो आणि त्याचं करेक्शन करण्यातच निम्मा जीव जातो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत याचं कारण बऱ्याच वेळा अशाच करेक्शनमध्ये सापडतं.

रेझोनन्स एकेक करून बघायचे तर ही पद्धत पुरत नाही, तिथे टाइम ऑफ फ्लाइट लागतं. युरोपच्या सर्न प्रयोगशाळेची एन-टॉफ ही त्यातली नावाजलेली जागा, २००१ पासून चालू आहे. ७ नॅनोसेकंदांचा प्रोटॉनचा झटका शिशाच्या ठोकळ्यावर बसतो, सगळ्या एनर्जीचे न्यूट्रॉन एकदम सुटतात आणि १८५ मीटर दूर सॅम्पल असतं. १ एमईव्हीचा न्यूट्रॉन तिथे १३ मायक्रोसेकंदांत पोचतो, १ इव्हीच्याला १३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पोचायच्या वेळेवरून एनर्जी कळते. थोरियम-२३२ तिथेही मोजलंय, अमेरिशियम, नेप्च्युनियमसारखे जुन्या इंधनातले आयसोटोपही मोजलेत.

सगळ्यात अवघड म्हणजे प्रोटॅक्टिनियम-२३३. ते २७ दिवस वाट बघत असताना त्याने स्वतःच एखादा न्यूट्रॉन गिळला तर न्यूट्रॉनही गेला आणि होणारं यू-२३३ पण हुकलं. त्याचं सॅम्पल करायचं तर ते इतकं तापट की स्वतःच्या गॅमांनीच डिटेक्टर भरून टाकतं. यावर आडवाटेने जायची सरोगेट पद्धत आहे. लिथियम-६ चा मारा थोरियमवर करायचा, अल्फा बाहेर पडला की मागे उरतो तो उत्तेजित प्रोटॅक्टिनियम-२३४, म्हणजे प्रोटॅक्टिनियम-२३३ ने न्यूट्रॉन घेतल्यावर झाला असता तोच न्यूक्लियस. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) लोकांनी मुंबईच्या पेलेट्रॉनवर असं करून २००८ मध्ये त्याच्या फिशनचे आकडे छापले, आणि मला ते काम आजही फार आवडतं. कॅप्चरसाठी मात्र ही वाट जास्त खडतर आहे, कारण उत्तेजित न्यूक्लियसचा स्पिन (कोनीय संवेग) सरोगेटमध्ये आणि खऱ्या न्यूट्रॉन कॅप्चरमध्ये सारखा नसतो आणि गॅमा बाहेर पडण्यावर स्पिनचा परिणाम फिशनपेक्षा जास्त होतो.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा एक्सफॉर डेटाबेस फुकट आहे. थोरियम-२३२ चं एन-गॅमा (म्हणजे कॅप्चरचा डेटा) काढा, १० केईव्ही ते ३ एमईव्ही एवढाच भाग प्लॉट करा आणि वेगवेगळ्या वर्षांचे पॉइंट एरर बारसकट एकमेकांवर टाकून बघा. कुठे काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, सांगेन.