समुद्र एक, वेळापत्रके अनेक

प्रश्न : जून उजाडला की ऐरोलीच्या बाजारात ताजी सुरमई मिळेनाशी होते आणि मिळालीच तर भाव ऐकून माघारी फिरावे लागते. आपले नाखवे होड्या शाकारून बसतात, हे समजते. पण गुजरात आणि केरळ यांनी मासेमारी कधी थांबवावी, याच्याशी आपल्या बाजाराचा संबंध काय?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : संबंध अगदी थेट आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियम राज्य ठरवते आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्र सरकार. बांगड्याचे किंवा तारलीचे थवे मात्र यांपैकी कोणतीच रेघ ओळखत नाहीत. केंद्राच्या पट्ट्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, तर केरळमध्ये राज्याच्या हद्दीत ट्रॉलरना, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक होड्यांना, ५२ दिवसच थांबावे लागते. साठा सामाईक असल्यामुळे जो आधी जाळे टाकतो, त्याच्या पदरात शेजाऱ्याने राखलेली मासळीही पडते.

पापलेटचेच पाहा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमाशाचा मान दिला, तरी तळहाताएवढी पिल्ले अजूनही बाजारात वाट्यावर विकली जातात. तोच मासा पाण्यात वाढू दिला, तर पुढे नगावर विकला जातो आणि त्या वाढीव दरावर नाखवा, खलाशी, बर्फवाला, टेम्पोवाला आणि पाटी घेऊन बसलेली कोळीण अशा सगळ्यांची मिळकत उभी राहते. पिल्ले गुजरातच्या जाळ्यात गेली काय किंवा आपल्या, तोटा दोन्हीकडच्या धक्क्यांवर दिसतो.

याच पाण्यातून न्हावा-शेवा बंदराची कंटेनर वाहतूक चालते, त्यामुळे जोखीमही सामाईकच. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली, तेव्हा पाण्यात पडलेल्या कंटेनरमुळे मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा तवंग पसरल्याने गिऱ्हाईक मासळी घ्यायला धजेना.

राहिली आपली सुरमई. बंदीच्या काळात ती बहुधा शीतगृहातलीच असते. पारंपरिक, बिगरयांत्रिक होड्यांना मात्र बंदीतून सूट असल्याने खाडीतली बोय, कोळंबी आणि निवट्या जून-जुलैतही बाजारात येतात. ताजे खायचे असेल तर त्या पाटीपाशी थांबावे.