गाडी सिटीची, मग बिल परराज्यातून कसं?

प्रश्न: ताई, आम्ही अमेरिकेत राहतो. फेब्रुवारीत रात्री मिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून ९११ला फोन केला, फायर डिपार्टमेंटची ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल जेमतेम ४ मैलांवर. दीड महिन्याने भलत्याच राज्यातल्या, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचं बिल आलं. मला वाटलं फ्रॉड, ड्रॉवरमध्ये टाकलं. आता दुसरं पत्र आलंय. सिटीच्या गाडीचे पैसे हे लोक का मागतायत? आणि आपण टॅक्स भरतो तो कशाचा मग?

उत्तर: आधी ते पत्र ड्रॉवरमधून काढा. फ्रॉड असायची शक्यता कमी आहे पण खात्री करायचीच, आणि ती पत्रावरच्या नंबरला फोन करून नाही, सिटीच्या वेबसाइटवरून नंबर घ्या आणि विचारा की ॲम्ब्युलन्सचं बिलिंग कुणाला दिलंय. बऱ्याच शहरांनी हे काम बाहेर दिलेलं असतं, कारण मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) नियम वेगळे, मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) वेगळे, प्रत्येक इन्शुरन्स कंपनीचं आणखी वेगळं आणि फायर डिपार्टमेंटच्या ऑफिसात हे सगळं बघायला असतं कोण, एखाददुसरा माणूस!

होतं असं, की गाडीवरचे लोक रिपोर्ट लिहितात, तो कंपनीकडे जातो, तिथे त्याला कोड लागतात, म्हणजे कुठली सेवा दिली ते सांगणारे ठराविक क्रमांक. इमर्जन्सीत साधी सेवा असेल तर ए०४२९, ॲडव्हान्स्ड म्हणजे एएलएस (ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट, गाडीतच जास्त प्रगत उपचार) असेल तर ए०४२७, आणि मैलांचा वेगळा ए०४२५. छातीत दुखत होतं म्हणजे तुमचं बहुतेक एएलएसच असणार. मैल मात्र नक्की तपासा, पेशंट गाडीत असतानाचेच मैल धरतात, म्हणजे तुमचे ४च्या आसपासच हवेत. आता इन्शुरन्सची माहिती कंपनीला बऱ्याचदा हॉस्पिटलकडून मिळते, ती नाही पोचली की अख्खं बिल घरी येतं. पहिलं पत्र बहुतेक वेळा "तुमचा इन्शुरन्स सांगा" एवढंच विचारत असतं पण आकडा बघूनच आपल्याला घाम फुटतो आणि खालचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. (मी स्वतः काही वर्षं बिलिंगमध्ये काम केलंय, अशी किती पत्रं तशीच पडून राहायची!)

टॅक्सचं म्हणाल तर राग बरोबर आहे. काही शहरं रहिवाशांकडून फक्त इन्शुरन्स देईल तेवढंच घेतात, उरलेला हिस्सा टॅक्समधून आला असं धरतात आणि सिटीच्या स्वतःच्या ॲम्ब्युलन्सला मेडिकेअरही हे चालवून घेतं. तुमच्या सिटीत असं आहे का ते विचारा, कारण रेट आणि सवलत सिटी ठरवते, कंपनीतला फोन उचलणारा नाही. हप्ते वगैरे तो लावून देईल, माफीचं सिटीशीच बोला.

आणि एक, अचानक येणाऱ्या मोठ्या मेडिकल बिलांपासून वाचवणारा केंद्राचा कायदा, "नो सरप्राइजेस ॲक्ट", १ जानेवारी २०२२पासून लागू आहे पण त्यात हेलिकॉप्टर आलं, रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स राहिली. काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४पासून आहे. पण मिस्टरांच्या कंपनीचा प्लॅन सेल्फ-फंडेड (म्हणजे उपचारांचे पैसे इन्शुरन्स कंपनी नाही, नोकरी देणारी कंपनीच भरते) असेल तर राज्याचा कायदा सहसा लागू होत नाही, ते एचआरला विचारा.

प्रश्न: सासऱ्यांना मेडिकेअर आहे, तरी ॲम्ब्युलन्सचं पूर्ण बिल आलंय. भरून टाकू का?

उत्तर: अजिबात नको! बहुतेक मेडिकेअर नंबरच पोचलेला नाही, तो आधी कळवा. पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर, ॲम्ब्युलन्स वगैरेंचा भाग) असेल तर डिडक्टिबलनंतर (दरवर्षी आधी स्वतः भरायची ठराविक रक्कम) मेडिकेअर मान्य रकमेच्या ८० टक्के देतं, तुमचे २० टक्के, त्यावर ॲम्ब्युलन्सवाल्यांना मागता येत नाही. मेडिकेअरने नाकारलं असेल तर नोटीस मिळाल्यापासून १२० दिवसांत अपील करता येतं.

प्रश्न: आमची सिटी कौन्सिल हे बिलिंग बाहेर द्यायचा ठराव आणतेय. मला ३ मिनिटं बोलायला मिळणार आहेत, काय विचारू?

उत्तर: वा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कंपनीला पैसे कसे देणार ते आधी विचारा. बहुतेक टक्केवारी असते, वसूल झालेल्या रकमेवर. ऐकायला छान, वसुली नाही तर फी नाही, पण मग साध्या सेवेला एएलएसचा कोड लावायचा मोहही तिथेच असतो आणि क्लेम सिटीच्या नावाने जातो, म्हणजे पकडलं गेलं तर सिटीही अडकते. म्हणून कोडिंगचं ऑडिट बाहेरच्या तिसऱ्याकडून कधी आणि कुणाच्या खर्चाने, ते करारात लिहून घ्या म्हणावं. पैसे थेट सिटीच्या खात्यात जायला हवेत, मेडिकेअरच्या पैशांबाबत टक्केवारीवाल्या एजंटला तसंही स्वतःच्या खात्यात घेता येत नाहीत.

कंपनी "आम्ही इतके टक्के वसूल करतो" म्हणेल तेव्हा कशाचे टक्के ते विचारा. मेडिकेअर-मेडिकेडचा रेट ठरलेला असतो, त्यावरचं सिटीला सोडावंच लागतं, ती रक्कम धरून आकडा एक येतो आणि वगळून दुसराच, आणि विकणारा जो मोठा दिसेल तोच सांगणार ना.

वेळ उरला तर थकलेलं बिल कलेक्शन एजन्सीला कुणाच्या सहीने जाणार हे विचारा. सही सिटीचीच हवी, कंपनीची नको. आणि करार संपला की पेशंटचा डेटा किती दिवसांत परत मिळणार, तेही विचारून घ्या.