‘ताजं’ मटण समुद्रापार जातं कसं?

प्रश्न : फ्रोझन समजू शकतो, पण ‘फ्रेश’ मटण, मासे दुसऱ्या खंडातून येऊन ताजे कसे राहतात? आणि जिवंत जनावरं पाठवायचा खटाटोप कशाला?

उत्तर : फ्रेश म्हणजे काल कापलेलं असा अर्थ धरू नका, फ्रेश म्हणजे फक्त न गोठवलेलं. मांस साधारण उणे दीड डिग्रीला गोठायला लागतं, म्हणून त्याच्या जरा वर तापमान ठेवतात, व्हॅक्यूम पॅक करून हवा काढून टाकली की बॅक्टेरिया हळू वाढतात आणि मग न्यूझीलंडचं लॅम्ब जहाजाने कित्येक आठवडे प्रवास करून युरोपात ‘चिल्ड’ (थंड, पण न गोठवलेलं) म्हणून विकलं जातं. माशांचं तसं नाही, ते फार लवकर खराब होतात, त्यामुळे नॉर्वेचा सॅल्मन बर्फाच्या खोक्यांत भरून सरळ विमानाने आशियात जातो (महाग का असतो ते कळलं ना!). लॉबस्टर तर जिवंतच जातो, पाण्याशिवाय, थंड आणि ओलसर पॅकिंगमध्ये, कल्ले ओले राहिले की बराच वेळ तगतो.

जिवंत जनावरं पाठवायची कारणं म्हणजे पैदास, दूध, किंवा घेणाऱ्याला कत्तल आपल्याकडेच हवी असते. मला विचाराल तर कत्तलीसाठी एवढा लांबचा समुद्रप्रवास नकोच. 2019 मध्ये रोमानियाजवळ १४ हजारांहून जास्त मेंढ्या नेणारं जहाज कलंडलं, त्यातल्या जेमतेम काही वाचल्या. न्यूझीलंडने 2023 पासून समुद्रमार्गे जिवंत जनावरांची निर्यात बंद केली, ऑस्ट्रेलियात मेंढ्यांपुरती 2028 मध्ये थांबणार आहे.